बाण शेपटाकडून वाचावा

१/२४
बाण म्हटला की डोळ्यांपुढे त्याचे टोक उभे राहते. संग्रहालयांत काचेमागे टोकांच्या रांगा लावलेल्या असतात, इतिहासाच्या पानांवर टोकांचीच छायाचित्रे फिरतात, आणि पौराणिक मालिकांत आग ओकत येते तेही टोकच. या थ्रेडचे म्हणणे याच्या उलट आहे. बाणाचा इतिहास शेपटाकडून वाचावा. शत्रूच्या अंगात रुतणाऱ्या टोकापेक्षा दोरीवर बसणारे टोक अधिक बोलते. त्याकडे पाठ फिरवून सांगितलेला धनुर्विद्येचा इतिहास अर्धवट असतो आणि पुष्कळदा चुकीचाही असतो.

२/२४
आधी शब्द नीट करून घेऊ. धनुष्याची दोरी बसावी म्हणून बाणाच्या मागच्या टोकाला जी चीर असते, तिला येथे ‘खाच’ म्हणू. आजचे धनुर्धर ‘नॉक’ हा इंग्रजी शब्द सर्रास वापरतात. फारसीत तिला ‘सूफार’ म्हणतात, तुर्कीत ‘गेझ’, जपानीत ‘हाझु’. बाणाच्या पिसांकडच्या, दोरीला टेकणाऱ्या टोकाला संस्कृतात ‘पुंख’ असा शब्द आहे. ज्या वस्तूला इतक्या भाषांनी स्वतंत्र नाव दिले ती क्षुल्लक नसणार, एवढे अनुमान करण्यास कोणाची हरकत नसावी.

३/२४
ही खाच काय काम करते? ताणलेल्या धनुष्यात साठलेली सारी शक्ती दोरीत उतरते आणि दोरीतून बाणात जाते. जाण्याची वाट एकच, ती म्हणजे ही खाच. सेकंदाच्या काही शतांशांत, बोटभर जाडीच्याही नसलेल्या दांड्याच्या शेपटावर हा सारा धक्का बसतो. त्या क्षणी खाच फुटली तर दांडा चिरत जातो आणि त्याची कपची धनुर्धराच्या हातात घुसू शकते. बाण दोरीवरून निसटला तर धनुष्याची शक्ती त्याच्याच भुजांत परत फिरते आणि चांगले धनुष्यही मोडते. योद्ध्याचा हात आणि त्याचे शस्त्र ही दोन्ही या इवल्याशा चिरेच्या भरवशावर असतात.

४/२४
म्हणून खाच निवडताना पहिला प्रश्न तिच्या सौंदर्याचा नसतो. दोरी तिच्यात कशी बसते हा असतो. फार घट्ट बसली तर सुटताना दोरी बाणाला सहज सोडत नाही आणि बाण वेडावाकडा जातो. फार सैल बसली तर नेम धरण्याआधीच बाण गळून पडतो. पारंपरिक धनुर्धरांची एक सोपी परीक्षा आहे. धनुष्य आडवे धरून बाण दोरीला खाली लोंबता अडकवावा. स्वतःच्या वजनाने तो पडता कामा नये. दोरीला बोटाने हलकी टिचकी मारताच मात्र तो पडला पाहिजे. या दोन मर्यादांमधले अंतर केसाएवढे असते आणि कारागिराचे सारे कसब त्या अंतरात सामावलेले असते.

५/२४
दुसरा प्रश्न लाकडाचा. लाकूड आपल्या रेषेने फुटते, हे सरपण फोडणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. दांड्याच्या टोकाशी वर्षवलयांच्या रेषा दिसतात. खाच त्या रेषांना समांतर कापली तर दोरी पाचरीसारखी वागते आणि दांडा उभा चिरते. म्हणून खाच रेषांना काटकोनात घेतात, तिच्या बुडाशी धागा किंवा स्नायूंचे तंतू गुंडाळून सरसाने पक्के करतात. बांबूच्या बाणात खाचेलगत खाली पेर येईल असे पाहतात, म्हणजे सुरू झालेली चीर पेरापाशी अडते. तीन पिसांच्या बाणात वेगळे ठेवलेले पीस खाचेला काटकोनात बसवतात. मग उरलेली दोन पिसे धनुष्याला फारशी न घासता निघून जातात.

६/२४
आता वादाकडे वळू. इतिहासाच्या चर्चांत एक नवी पूजा सुरू झाली आहे, ती म्हणजे पौंडांची. अमक्याचे धनुष्य शंभर पौंडांचे, तमक्याचे दीडशेचे. जणू मोठ्या आकड्यानेच लढाई जिंकली! पण हा आकडा एवढेच सांगतो की धनुष्य ओढायला किती बळ लागे. ते बळ न फुटता, न निसटता बाणात कसे उतरवले, हे तो सांगत नाही. बळ पुष्कळांकडे असते. ते वाया न घालवणारी व्यवस्था फार थोड्यांकडे असते, आणि इतिहासात खरी चौकशी करायची ती या व्यवस्थेची.

७/२४
ज्या धनुष्याच्या नावाने ही पूजा सर्वाधिक चालते, त्या इंग्रजी लांब धनुष्याचेच उदाहरण घेऊ. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकेचे जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळच्या समुद्रात बुडाले आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. गाळाने जपलेल्या त्या जहाजातून शंभराहून अधिक अखंड धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. बाणांची लोखंडी टोके मात्र खाऱ्या पाण्याने खाऊन टाकली होती. ज्या टोकांचे आपण देव्हारे मांडतो ती गेली, आणि दांड्यांच्या शेपटांवरच्या खाचा उरल्या.

८/२४
त्या खाचा काय सांगतात? बहुतेक बाण पॉपलरसारख्या हलक्या लाकडाचे आहेत. हे लाकूड मऊ असते. शंभर पौंडांच्या वरच्या धनुष्याची दोरी त्यात सरळ घुसली असती. म्हणून कारागिरांनी शेपटात दोन चिरा घेतल्या. एक दोरीसाठी, आणि तिला काटकोनात दुसरी, सुमारे ५ सेंटीमीटर लांबीची, शिंगाची पातळ पट्टी बसवण्यासाठी. दोरीचा धक्का मऊ लाकडाने न झेलता या शिंगाने झेलावा, अशी ही योजना होती. शिंग पाण्यात बहुधा विरून गेले, पण त्याच्यासाठी कापलेली चीर अजून दिसते. ही चीर एकेका बाणाला, हजारो वेळा, हाताने कापलेली आहे.

९/२४
आणखी एक गोष्ट. दोरीसाठीच्या त्या खाचेची रुंदी सुमारे ३ मिलिमीटर आहे. याचा अर्थ असा की जिथे बाण बसतो तिथे दोरी त्याहून जाड असूच शकत नव्हती. एवढ्या बारीक दोरीने एवढे जड धनुष्य पेलायचे तर तिचा तंतू निवडक हवा, पीळ अचूक हवा आणि दोरी वळणारा हात तयार हवा. दोऱ्या कुजून जातात. खाच त्यांचे माप जपून ठेवते. जी वस्तू हाती लागलीच नाही तिच्याविषयी पुरावा देणारी ही जागा आहे, आणि आपण तिचे छायाचित्रसुद्धा काढत नाही.

१०/२४
योगायोग पाहा. जहाज बुडाले त्याच वर्षी, १५४५ मध्ये, रॉजर अ‍ॅस्कम या विद्वानाने ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तो खाचांचे प्रकार मोजतो. मोठ्या आणि लहान, रुंद आणि अरुंद, खोल आणि उथळ, एकेरी आणि दुहेरी. मग तो त्यांची निवडही सांगतो. युद्धात खोल, लांब खाच बरी, कारण धावपळीत दोरी तिच्यातून निसटत नाही. नेमबाजीच्या खेळात उथळ, गोल खाच बरी, कारण तिच्यातून बाण स्वच्छ सुटतो. दुहेरी खाच का? अधिक खात्रीसाठी.

११/२४
या विवेचनाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ‘सर्वोत्तम खाच कोणती?’ या प्रश्नाला अ‍ॅस्कम उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, कशासाठी? सुटण्यातली स्वच्छता हवी असेल तर थोडी खात्री सोडावी लागते, आणि खात्री हवी असेल तर थोडी स्वच्छता. ‘जगातले सर्वश्रेष्ठ धनुष्य’ किंवा ‘सर्वांत घातक बाण’ अशा मथळ्यांनी गर्दी खेचणाऱ्या आपल्या काळापेक्षा पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा हा शिक्षक अधिक शहाणा होता. शस्त्राची श्रेष्ठता त्याच्या कामावरून ठरते. कामाचा उल्लेख न करता लावलेली क्रमवारी हा केवळ गोंगाट असतो.

१२/२४
खाचेचे महत्त्व येथेच संपत नाही. कधीकधी तर समोरची वस्तू बाण आहे की नाही, हेच तिच्यावरून ठरते. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ स्टेलमूर येथे आल्फ्रेड रुस्ट यांनी १९३० च्या दशकात उत्खनन केले. तेथे पाइन जातीच्या लाकडाचे सुमारे शंभर दांडे मिळाले, हिमयुगाच्या अखेरचे, ११,००० वर्षांहून जुने. काहींच्या बुडाशी दोरीसाठी उथळ खाच होती. त्या खाचेमुळे हे दांडे धनुष्यातून सोडलेले बाण ठरले, आणि धनुर्विद्येच्या सर्वांत जुन्या निःसंदिग्ध पुराव्यांत त्यांची गणना झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात ते नष्ट झाले.

१३/२४
कोणी म्हणेल, टोकावरून बाण ओळखता येत नाही का? नेहमी नाही. धनुष्याखेरीज, काठीच्या आकड्याने हलका भाला फेकण्याचे साधन जगात पुष्कळ ठिकाणी होते. त्या भाल्याची आणि बाणाची दगडी टोके कित्येकदा सारखीच दिसतात. फरक बुडाशी असतो. भाल्याच्या बुडाला काठीचा आकडा टेकण्यासाठी वाटीसारखा लहान खळगा असतो, तर बाणाला दोरीची खाच. कॅनडातील युकॉन प्रदेशात वितळणाऱ्या बर्फातून दोन्ही प्रकारचे दांडे बाहेर आले. सुमारे १,२०० वर्षांपूर्वी तेथे फेकभाल्याची जागा धनुष्यबाणाने घेतली, हे त्यांच्यावरून समजले. दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू गुहेतील ६०,००० वर्षांहून जुन्या टोकांचा वाद अजून चालतो, कारण तेथे दांडे नाहीत. शेपूट नसेल तर टोकाची साक्ष अपुरी पडते.

१४/२४
खाच आणखी एक गुपित सांगते, ते म्हणजे हाताची पकड. एडवर्ड मोर्स या अमेरिकी अभ्यासकाने १८८५ मध्ये दोरी ओढण्याच्या पद्धतींचे वर्गीकरण केले. सर्वांत साधी पद्धत म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बाणाचे शेपूटच धरून ओढणे. तेथे शेपटाला गाठीसारखा फुगवटा किंवा खोबणी असते, नाहीतर बोटे घसरतात. युरोपात तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये बाण ठेवून बोटांनी दोरी ओढतात. मध्य आशियातून तुर्कस्तान आणि जपानपर्यंत पसरलेल्या पद्धतीत दोरी अंगठ्याने ओढतात आणि तर्जनी बाणाला सांभाळते. पकड बदलली की शेपटाकडून असलेली अपेक्षा बदलते.

१५/२४
तुर्की बाण पाहा. त्यांची खाच तोंडाशी अरुंद आणि आत किंचित रुंद असते. दोरी आत गेली की हलका ‘टक’ असा आवाज करून बसते आणि सोडेपर्यंत जागची हलत नाही. घोडा भरधाव आहे, एका हातात धनुष्य आहे, नजर शत्रूवर आहे. अशा वेळी बाण दोरीवर आहे की गळून पडला, हे पाहायला उसंत नसते. ती काळजी खाच वाहते. घोडेस्वार धनुर्धरांच्या पराक्रमावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी या ‘टक’साठी एखादी ओळ राखून ठेवायला काय हरकत होती?

१६/२४
पकडीचा विषय निघाला की आपल्याकडे एकलव्य आठवतो, आणि समाजमाध्यमांवर दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, अंगठा गेला म्हणजे धनुर्विद्याच संपली. दुसरा म्हणतो, बाण तर बोटांनीही ओढता येतो, मग अंगठा मागण्यात एवढे काय? दोघांनीही मूळ कथा वाचलेली नसते. महाभारताच्या आदिपर्वातच सांगितले आहे की अंगठा दिल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीसारखा शीघ्र राहिला नाही. त्याची कीर्ती मुळात कशामुळे झाली होती? भुंकणाऱ्या कुत्र्याच्या उघड्या तोंडात, ते मिटण्याच्या आत, त्याने सात बाण सोडले होते म्हणून. ही शीघ्रतेची कथा आहे. जे त्याच्यापाशी असाधारण होते, नेमके तेच काढून घेतले गेले.

१७/२४
म्हणून ‘बोटांनीही जमते’ हा युक्तिवाद त्या अन्यायाला सौम्य करत नाही. उलट तो किती नेमका होता ते दाखवतो. अंगठा गेल्यावर बाण तोच, खाच तीच, पण तिच्याभोवतीचा हात नवा. बाण भात्यातून काढणे, दोरीवर बसवणे, सांभाळणे, सारे पुन्हा शिकणे आले. ‘वासिष्ठ धनुर्वेद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात दोरी धरण्याच्या मुठीचे पाच प्रकार सांगितले आहेत : पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्णी, मत्सरी आणि काकतुंडी. पकड ही स्वतंत्र विद्या आहे, हे आपल्या परंपरेला पक्के ठाऊक होते. ती विसरलो ते आपण.

१८/२४
आपल्या ग्रंथांत साहित्याची जाणही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाणांसाठी वेणू आणि शर यांचा उल्लेख येतो, आणि दोऱ्यांसाठी मूर्वा, अर्क म्हणजे रुई, शण आणि स्नायू यांचा. ‘शर’ या शब्दाचा एक अर्थ बाण आणि दुसरा अर्थ बोरूसारखे पोकळ गवत. पोकळ दांडा हलका असतो, पण त्याच्या शेपटात थेट खाच कापली तर तो टिकत नाही. म्हणून अशा दांड्यात कठीण लाकडाचे वेगळे शेपूट बसवून त्यात खाच घेतात. मुघलकालीन बाणांत असे फुगीर, रंगवलेले शेपूट आढळते. संग्रहालयात पाहाल तेव्हा नजर तिकडे न्या. त्या रंगांखाली एका अडचणीचे उत्तर दडलेले आहे.

१९/२४
कवींच्या नजरेतून मात्र ही जागा सुटली नाही. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात राजा दिलीप सिंहावर बाण सोडायला जातो आणि त्याची बोटे जागीच खिळतात. कुठे? कालिदास नेमके सांगतो, बाणाच्या पुंखाला. पाली संयुत्त निकायात वैशालीचे लिच्छवी तरुण लहानशा छिद्रातून, एकही न चुकता, बाणामागून बाण नेताना दिसतात, आणि त्या अखंड माळेसाठी तेथे पुंखावरूनच शब्द घडवला आहे. संस्कृतात तो ‘पुंखानुपुंख’. बंगालीत आज त्याचा अर्थ ‘बारीकसारीक तपशिलांसह’ असा होतो. जपानी ‘हाझु’ला तर ‘असे असायलाच हवे’ हा अर्थ चिकटला, कारण खाच आणि दोरी एकमेकींत बसायलाच हव्यात. भाषांनी ज्याला सूक्ष्मतेचे आणि सुसंगतीचे प्रतीक मानले, त्याला आपण बाणाची मागची बाजू म्हणून सोडून देतो.

२०/२४
आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. ‘लाकूड कुजते, शिंग कुजते, दोरी कुजते, लोखंड आणि दगड उरतात. जे उरते त्याचाच अभ्यास होणार.’ हे खरे आहे, आणि टोकांचा अभ्यास करणाऱ्यांचे श्रम कमी लेखण्याचे कारण नाही. पण ‘आपल्याला टोकेच मिळाली’ आणि ‘टोकेच महत्त्वाची होती’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले प्रामाणिक आहे. दुसरे म्हणजे मातीने केलेल्या निवडीला माणसांची निवड समजणे. लोकप्रिय इतिहासात पहिल्या विधानावरून दुसऱ्यावर केव्हा उडी मारली जाते, हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

२१/२४
दुसरा आक्षेप आजच्या सरावाचा. ‘प्लास्टिकची नॉक स्वस्त, एकसारखी आणि सुरक्षित असते. तिला विरोध का?’ विरोध मुळीच नाही. लाकडी दांड्याचे टोक ११ अंशांनी निमुळते करावे, त्यावर नॉक सरळ बसवून चिकटवावी, तिच्या अंगावरच्या उंचवट्याने न पाहताही वेगळे पीस कोणत्या बाजूला आहे ते बोटाला कळते. शिकणाऱ्याने हेच वापरावे. आक्षेप आहे तो लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या शेपटाचा बाण मांडून त्याखाली ‘शिवकालीन’ अशी पाटी लावण्याला. वस्तू नवी असण्यात लाज नाही; पाटी खोटी असण्यात आहे. ‘आधुनिक सरावबाण’ एवढे दोन शब्द लिहिले तर कोणाच्या अभिमानाला धक्का लागणार आहे?

२२/२४
या सगळ्यामागे एक जुनी सवय आहे. टोक लढणाऱ्याचे असते, शेपूट घडवणाऱ्याचे. आपला इतिहास लढणाऱ्यांची नावे लिहितो आणि घडवणाऱ्यांची पुसतो. लंडनमध्ये बाण करणाऱ्यांनी १३७१ मध्ये धनुष्य करणाऱ्यांपासून आपला संघ वेगळा काढला. तो धंदा ‘फ्लेचर’ या आडनावात अजून जिवंत आहे. आपल्याकडे राजस्थान-गुजरातेत ‘तीरगर’ ही जमात आहे, बाण करणाऱ्यांची. कच्छमध्ये ‘कमांगर’ आहेत, मूळचे धनुष्य करणारे, पुढे चित्रकलेसाठी ओळखले गेलेले. ‘तिरंदाज’ हा शब्द आपण गौरवाने वापरतो. ‘तीरगर’ किती जणांनी ऐकला आहे?

२३/२४
आणि हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही. सातपुड्यात तीरकामठा अजून माणसांच्या आठवणीत आहे, काही ठिकाणी घरात आहे. भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्या सालीच्या पातळ पट्टीची दोरी लावत, अशी वर्णने जुन्या लिखाणात येतात. चपट्या दोरीसाठीचे शेपूट गोल दोरीच्या शेपटासारखे असायचे कारण नाही. न्यू गिनीतही दोरी चपटी असते आणि तेथील बाणांना बहुधा खाचच नसते. म्हणजे खाच नसणे हे अडाणीपणाचे लक्षण ठरत नाही. ते वेगळ्या दोरीचे लक्षण असते. पण आपले बाण टोकांसाठी गोळा झाले आणि त्यांच्या दोऱ्या व शेपटे तशीच राहिली, तर ही विद्या सांगणारा शेवटचा माणूस गेल्यावर आपल्यापाशी काचेमागचे लोखंड तेवढे उरेल.

२४/२४
मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी नंदुरबारचे असेल, धुळ्याचे, मेळघाटातले किंवा गडचिरोलीचे. पुढच्या वेळी कुणाच्या घरात बाण दिसला तर त्यांच्या परवानगीने शेपटाचे छायाचित्र काढा. दोरी कशाची, दांडा कशाचा, खाच कशाने कापली, तिच्यावर काय गुंडाळले, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या बोलीत त्या जागेला काय म्हणतात, हे विचारा. ज्यांनी सांगितले त्यांचे नाव त्यांच्या संमतीने शेजारी लिहा. पाच ओळी पुरतील. बाणाचे टोक कोणाला लागले हे सांगायला बखरी आहेत, पोवाडे आहेत. तो दोरीवर कसा बसला हे सांगणारी माणसे थोडी आहेत आणि ती म्हातारी होत आहेत.